खिंडीच्या अलीकडे

व्हाइटहॉर्स,
२४ ऑगस्ट १९८७

प्रिय एफीताई,

अक्षर मोठं दिसेल. खोक्यांवर नावं घालायचं जाड काळं पेन घेतलंय, त्याने बारीक लिहिता येत नाही. उगाच तर्क लढवू नकोस.

मी येतोय. विमानाने नाही, लाझरसच्या मालट्रकमधूनही नाही. माझ्या पिकअपने, एकटा, डेम्पस्टरच्या रस्त्याने, पहिल्या मैलापासून तुमच्या फेरीबोटीपर्यंत. त्या रस्त्याची खडी ज्या ग्रेडरने पसरली तो मी चालवलेला आहे, आणि तो चालवायला मला कुणी शिकवलेलं नाही. चालवणारा जेवायला उतरला की मी वर चढून बसायचो. इंजिनाचं पुस्तक आधी चित्रांवरून समजून घेतलं, मग चित्रांच्या आधाराने त्यातले शब्द. तेव्हा या रस्त्याने यायला मला कुणाची परवानगी लागत नाही.

कारण सांगून टाकतो, नाहीतर तू गावभर विचारत फिरशील. वर्कशॉपने मला जूनमध्ये मोकळं केलं. डोळ्यांचा डॉक्टर म्हणतो, डोळे झिजलेत आणि ते भरून येणारे नाहीत. बर्फ पडायच्या आत लायसन्स परत करायचंय. खरं तर तो म्हणाला, आजपासूनच गाडी बंद करा. पण डॉक्टर लोक दुप्पट सांगतात, म्हणजे निम्मं तरी ऐकलं जातं. मी निम्मं ऐकतोय. शहरात गाडी बंद. हा एक शरद ऋतू, हा एक रस्ता, मग चावी टेबलावर.

तुझ्याकडे आठवडाभर राहीन आणि माझ्या खोलीत परत येईन. ‘कायमचा ये’ हे यंदा लिहू नकोस. बहिणीच्या शेगडीशी बसून दुसऱ्याच्या हातून चहा घेणारा माणूस मी नव्हे.

फोन करू नकोस. दुकानातल्या फोनवर तू बोलतेस तेव्हा मागे उभे असलेले लोक मला सल्ले देतात.

तुझा,
इनॉक

*

फोर्ट मॅकफर्सन,
३१ ऑगस्ट

इनू,

तुझं पेन जाड आहे, हे कळलं. ओळी उताराला लागल्यासारख्या खाली का गेल्यात, हे पेनने सांगितलं नाही.

विमानाने ये. नाहीतर लाझरसबरोबर ये. तो म्हणतो, मी बडबड कमी करीन, हवं तर गाणारही नाही. लाझरसने न गाण्याचं कबूल करणं म्हणजे काय, हे तुला ठाऊक आहे. पण तू ऐकणार नाहीस. आईने तुला लहानपणी एवढं बदडलं ते तरी तू कुठे ऐकलंस?

डॉक्टरचं निम्मं ऐकतोस म्हणे. अरे, दरीतही माणूस निम्मा पडत नाही.

इकडे मासे वाळताहेत. यंदा धूर चांगला धरलाय, कारण विलोची ओली लाकडं मी स्वतः आणली. जिमची गाडी तो मला मागे ठेवून गेल्यापासून अंगणात पडून होती, ती उन्हाळ्यात सुरू करून घेतली. पडून पडून लोखंड सडतं. दलदलीतली लाल बोरं अजून कडक आहेत, एक कडक थंडी पडली की मऊ होतील. तू येशील तेव्हा झाली असतील.

येणारच असशील तर एवढं कर. मी आयुष्यात खिंडीच्या पलीकडे गेलेले नाही. रस्ता झाला, माणसं गेली, आली, मी आपली इथेच. जिथे थांबशील तिथून लिही. काय दिसतं ते सगळं लिही, आणि वर येणाऱ्या कुणाच्याही हाती दे. म्हातारीची हौस समज.

एफी

*

ओगिल्वी नदीकाठ,
९ सप्टेंबर

प्रिय ताई,

हौस म्हणालीस म्हणून सविस्तर लिहितो. घाईने वाचू नकोस.

डॉसन गाव मागे पडून रस्ता सुरू झाला की थोड्या वेळाने डावीकडे ते काळे सुळके येतात, तुटक्या दातांसारखे. त्यांच्या पायाशी सगळं लाल. लोक नुसतं ‘लाल’ म्हणतात, तसं ते नाही. खुज्या बर्चचा लाल गंजलेल्या लोखंडाकडे झुकतो. जमिनीसरपट अस्वलबोराची पानं असतात, त्यांचा लाल ताज्या रक्ताचा. ओढ्याओढ्याने विलो, तो पिवळा. आणि ओल असेल तिथे स्प्रूस, काळपट हिरवे, दारू प्यायल्यासारखे वाकडेतिकडे, कारण खाली जमीन गोठलेली आणि मुळांना खोल जायला जागा नाही. दुपारनंतर ऊन तिरकं येतं तेव्हा या सगळ्याला कडेने सोनेरी रेघ येते. ही रेघ चांगली तासभर राहते.

नदीच्या वळणावर आमच्या रस्त्याच्या टोळीची झोपडी तशीच उभी आहे. दाराला निळा रंग, छपरावर पत्र्याचं धुराडं, पूर्वेकडे कललेलं. तो कल माझा. एका हिवाळ्यात छपरावरचं बर्फ ओढताना फावडं लागलं. सरळ करायला मुकादमाने सांगितलं होतं, मी म्हटलं धूर कल बघत नाही.

याच झोपडीत आई आली होती, आठवतं? मुलगा कुठे काम करतो ते बघायचं म्हणून हट्टाने आली. पहिल्या संध्याकाळी तिने आमच्या स्वयंपाक्याला चुलीपासून बाजूला केलं आणि अख्ख्या टोळीसाठी बॅनकच्या रोट्या थापल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ग्रेडरवर होतो. समोरच्या उतारावरून कॅरिबू यायला लागले. आधी थोडेच, शिंगं मागे टाकून, नाक वर करून, थांबत थांबत. आई झोपडीतून निघाली ती सरळ ग्रेडरसमोर येऊन उभी. हात वर.

“बंद कर.”

मी इंजिन बंद केलं. मुकादम दक्षिणेकडचा, तो धावत आला. “म्हातारे, बाजूला हो! दिवसाचं काम बुडतंय!”

“बुडू दे. हे पुढचे आहेत, म्होरके. वाट त्यांनाच ठाऊक असते. ते बिचकून फिरले तर मागचे सगळे फिरतील. मग हिवाळाभर तू काय खाशील? ही खडी?”

तो माझ्याकडे वळला. “तुझ्या आईला समजाव.”

मी म्हटलं, “साहेब, मला अजून तिनेच काही समजावलेलं पुरतं समजलेलं नाही.”

सगळी यंत्रं बंद झाली. म्होरके रस्ता ओलांडून नदीत उतरले, मग कळप आला, आणि तो संपेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. आईने बंदुकीला हात लावू दिला तो म्होरके पार दिसेनासे झाल्यावर. तिच्या लहानपणी कुणा उतावळ्याने पहिल्याच जनावरावर गोळी झाडली होती, आणि त्या हिवाळ्यात तिची धाकटी बहीण गेली. आई हे नेहमी सांगायची, पण बहिणीचं नाव घ्यायची नाही.

आज मात्र उतारावर एकही जनावर नाही. सगळं रिकामं, स्वच्छ, शांत. संध्याकाळी थोडा वेळ गाडी बंद करून बसलो. चहा केला. डोळ्यांचं काही नाही, तू विचारशील म्हणून.

हे पत्र रस्त्याच्या डागडुजीवाल्या माणसाच्या हाती देतोय, तो फेरीबोटीपर्यंत जातोय. दोन दिवसांत मधल्या पठारावरच्या हॉटेलात पोचेन. उत्तर तिथे पाठव.

इनॉक

*

फोर्ट मॅकफर्सन,
१२ सप्टेंबर

इनू,

पत्र वाचलं. आई त्यात होती तशीच आहे, कमरेवर हात ठेवून. मी एकटीच हसले, मग एकटीच रडले.

मग काल लाझरस माल उतरवून चहाला आला. बसायच्या आधीच म्हणाला, “एफी, तुझ्या भावाला माझा राग आलाय का गं?”

“का? काय झालं?”

“ओगिल्वीच्या वळणावर गाडीबाहेर उभा होता. मी हात केला. हॉर्न दिला. माझ्याकडे तोंड करून उभा, आणि हात काही उचलला नाही! अगं, त्या रस्त्यावर दुश्मनालासुद्धा हात करतात. उद्या टायर फुटला तर तोच यायचा असतो.”

मी म्हटलं, “विचारात असेल. एकटाच होता ना?”

“एकटा कसला! पंचवीस-तीस कॅरिबू होते त्याच्याभोवती. आपल्या मोठ्या कळपातले नव्हेत, तिथल्या डोंगरातलेच. एक तर त्याच्या बंपरला मान घासत होता. मी म्हटलं, इनॉकने दोस्ती केली वाटतं.”

इनू, तू लिहिलंस की उतारावर एकही जनावर नाही.

मग मी त्याला झोपडीचा भाग वाचून दाखवला, निळं दार आणि कललेलं धुराडं. त्याने कप खाली ठेवला. म्हणाला, “कुठली झोपडी? ती जळून तीन वर्षं झाली. राखेवर ती गुलाबी तुऱ्याची झुडपं उगवतात ना, तेवढीच आहेत तिथे.”

 लाझरसने चहा तसाच सोडलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

तू खोटारडा नाहीस. लहानपणी ससा चोरलास तेव्हासुद्धा तू सशाचं वजन बरोबर सांगितलं होतंस. म्हणून विचारते, आणि हे एकच विचारते: तुला काय दिसतं?

हॉटेलात थांब. पुढे खिंड आहे, एका बाजूला कठडा नाही, आणि समोरून येणारा लाझरस असेल किंवा कुणाची पोरंबाळं असतील. लाझरस हे पत्र खाली जाताना तुला देईल, आणि वर येताना तुला घेऊन येईल. रागावलास तरी चालेल. रागावलेला भाऊ घरी आलेला मला चालेल.

एफी

*

मधलं पठार, हॉटेल,
१४ सप्टेंबर

एफीताई,

लाझरस हात उशिरा करतो. नेहमीच करायचा. गाडी निम्मी पुढे गेली की याचा हात वर येतो. त्यात समोरच्याचा काय दोष?

झोपडीचं म्हणशील तर मी ती जिथे होती तिथे लिहिली. सहा वर्षं ज्या दाराने मी आत-बाहेर केलं ते कुणी जाळलं म्हणून माझ्यापुरतं नाहीसं होत नाही. नदी बरोबर होती ना? सुळके बरोबर होते ना? रंग? लाझरसला विचार, रंगात एक तरी चूक दाखव म्हणावं.

आणि गाडीची काळजी तू मला शिकवू नकोस. हा रस्ता डोळ्यांनी चालवायचा नसतोच मुळी. मधली खडी चाकांनी दाबून दाबून बसलेली असते, तिचा आवाज एकसारखा, जात्यासारखा. कडेची खडी सुटी. चाक जरा बाहेर गेलं की मडगार्डमध्ये दाणे भाजल्यासारखा तडतड आवाज होतो. तडतड उजवीकडे झाली की डावीकडे घ्यायचं. पूल आला की आवाज पोकळ होतो. चढ आला की इंजिन सांगतं. समोरून कुणी येत असेल तर काच खाली असली की मैलभर आधी कळतं. नदीपासून या पठारापर्यंत मी असाच आलो, रस्ता सोडला नाही. एका जागी कठड्याला जरा घासलं, ते पत्र्याचं काम आहे, माझं मी करीन. हे कुठल्या पुस्तकात नाही. हे मी माझं शोधून काढलंय.

हॉटेलवाली डोरीन म्हणते, अशी गाडी चालवलेली तिने कधी ऐकली नाही. ती तुझ्या सशाच्या वाक्यालाही फार हसली.

आई सांगायची ते खरं आहे, या पठारावरून शरदात सगळ्या दिशा दिसतात. खाली पिवळं, वर निळं, आणि उत्तरेला आपले डोंगर, त्यांच्या माथ्यावर अजून बर्फ नाही. काल रात्री मात्र पाण्यावर पापुद्रा धरला होता. सकाळी मी तो बोटाने फोडला आणि लहानपणी आपण दोघं नदीकाठी पातळ बर्फ कोण आधी मोडतो यावर भांडायचो ते आठवलं. तू नेहमी टाच वापरायचीस. ते नियमात नव्हतं.

बुधवारी सकाळी निघतोय. खिंड मला पाठ आहे. लाझरसच्या शेजारी बसून, कुणाचं तरी गाठोडं असल्यासारखा मी गावात उतरणार नाही. उतरेन तो माझ्या गाडीतून, किंवा उतरणार नाही.

हे पत्र पेट्रोलच्या ट्रकवाल्याकडे देतोय.

इनॉक

*

फोर्ट मॅकफर्सन,
१५ सप्टेंबर

इनू,

गाडीचं राहू दे. घाईने लिहितेय, ट्रकवाला बाहेर उभा आहे.

कळपाचे म्होरके खिंडीत आले आहेत. वरच्या कड्यावर उभे आहेत, उतरायचं की नाही ते अजून ठरवत आहेत. काल सभागृहात म्हाताऱ्या मंडळींनी सांगितलं: म्होरके पार होईपर्यंत हॉटेलपासून वर एकही चाक फिरता कामा नये. गेल्या वर्षी कळप लांबून गेला आणि गावाने डब्यातलं मांस खाल्लं, हे तुला माहीत आहे. मुलं विचारत होती, कॅरिबू कसा लागतो.

तुला वेगळं सांगायला नको. आई ज्यासाठी यंत्रापुढे उभी राहिली त्याच्यापुढे तू गाडी घालणार नाहीस.

निरोप येईपर्यंत हॉटेलातच राहा.

एफी

*

मधलं पठार,
१७ सप्टेंबर

ताई,

खोटं बोलायला शिकायचं तर लहान वयात शिकावं. साठीनंतर जमत नाही.

तुझं पत्र मंगळवारी रात्री आलं. कसं आलं? पेट्रोलच्या ट्रकने. ट्रक कुठून आला? खिंडीतून. बारा चाकांवर. ‘एकही चाक फिरता कामा नये’ हे वाक्य स्वतः बारा चाकांवर बसून आलं, आणि ते आणणारा माणूस जेवताना म्हणत होता, यंदा खिंडीत चिटपाखरू नाही. शिवाय उत्तरेच्या डोंगरांवर अजून बर्फ नाही. बर्फ पडल्याशिवाय मोठा कळप खाली उतरत नाही, हे मला आणि तुला चालता येत नव्हतं तेव्हापासून ठाऊक आहे. आणि म्हाताऱ्यांची सभा सोमवारी? सोमवारी ते पत्ते खेळतात.

मी हसलो. मग जाऊन गाडीत बसलो, कारण बुधवारी सकाळी निघायचं ठरवलं होतं आणि मी ठरवलेलं मोडत नाही. चावी फिरवली. इंजिन छान लागलं. आणि मी तिथेच बसून राहिलो.

दर रविवारी देवळात पहिल्या बाकावर बसणारी माझी बहीण. तिने माझ्यासाठी खोटं लिहिलं, आणि तेसुद्धा आईच्या तोंडचं घेऊन. म्हणजे घाबरून घाबरून तिच्याजवळ दुसरं काही उरलं नसणार. इंजिन बंद केलं.

तू विचारलंस, काय दिसतं. सांगतो, एकदाच.

जिथे बघावं तिथेच धूर. ज्याच्याकडे बघेन ते जातं, त्याच्या कडेचं राहतं. तुझ्याकडे पाहीन तर तुझं तोंड जाईल आणि तुझ्या मागची खिडकी दिसेल. डोंगर दिसतात, कारण ते मोठे आहेत आणि कडांना उरतात. रंग दिसतात, पण पुसट. लालाचे जे प्रकार मी लिहिले ते मागच्या वर्षांचे आहेत. झोपडी तर मी पाहिलीच नाही. वळणावर पोचलो हे नदीच्या आवाजावरून कळलं, आणि जिथे झोपडी असायला हवी तिथे धूर होता. माझ्या डोळ्यांतला. मला वाटलं, त्याच्यामागे असेल ती.

कॅरिबूंचंही खरं सांगतो. ते मला दिसले नाहीत. पण त्यांच्या पायांतून टकटक येते ना, चालताना, हाडावरून शीर सरकल्यासारखी, ती आली. आधी एक, मग सगळीकडून. मी गाडी बंद केली, खाली उतरलो आणि दारापाशी उभा राहिलो. किती होते ते मला कळलं नाही. मोजता येत नाही असं मी तुला कसं लिहिणार होतो? म्हणून लिहिलं, रिकामं. त्यातला एक इतक्या जवळून गेला की त्याच्या श्वासाचा शेवाळाचा वास आला. तेव्हा लाझरसचा ट्रक गेला असेल. मी ऐकला, पण मला वाटलं, हात केला तर ते बिचकतील. एवढं त्याला सांग. दुसरं कारण सांगू नकोस.

तुझं पत्रही मी वाचत नाही. डोरीन वाचते. सशाचं वाक्य मी तिच्याच तोंडून ऐकलं.

एक गोष्ट मात्र ऐक. तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त राग कशाचा आला माहीत आहे? ‘समोरून कुणाची पोरंबाळं असतील’ याचा. कारण माझी आवाजाची युक्ती तिथे चालत नाही. ती आवाज करत नाहीत. चालत जाणारं पोर खडीवर आवाज करत नाही.

चावी डोरीनच्या गल्ल्यात आहे. मी मागितली तरी देऊ नकोस असं सांगितलंय. ती म्हणाली, “मागशील का?” मी म्हटलं, “उद्या सकाळी नक्की मागेन. दोन शिव्याही देईन.” मागितली. दिल्या. तिने दिली नाही.

लाझरस आत्ता आला. त्याच्या दुसऱ्या सिलिंडरचा ठोका अजून चुकतो, चढावरच ओळखला. मी अंगणात जाऊन हात वर केला आणि तो उतरून समोर येईपर्यंत वरच ठेवला. तो म्हणाला, “खाली घे आता. शाळा सुटली.” मग बराच वेळ माझा हात धरून उभा राहिला. मला न्यायला तयार आहे. पण गाडी मी इथे टाकून येणार नाही. हिवाळाभर बर्फात उभी राहिली तर इंजिनाचा ब्लॉक फुटेल, आणि माझ्यात तरी आता तेवढंच धड आहे. गावात कुणी नीट चालवणारा असेल तर पाठव. तरुण पोरं नकोत, क्लच जाळतात. शांत हाताचं कुणीतरी. तोवर थांबतो.

आठवडाभरच राहीन असं जे मी लिहिलं होतं, ते खोडलं समज.

इनॉक

*

फोर्ट मॅकफर्सन,
१८ सप्टेंबर

इनू,

सोमवारी खरंच पत्ते असतात. विसरले मी. पाद्रीसाहेबांना आज सकाळी जाऊन खोटं सांगितल्याचं सांगून आले. ते म्हणाले, उपयोग झाला का? मी म्हटलं, झाला. ते म्हणाले, मग पुढच्या वेळी ट्रकवाल्याला निदान पायी पाठव.

शांत हाताचं माणूस मिळालं आहे. उद्या लाझरसच्या ट्रकमधून खाली येतंय. वय एकसष्ट, बाई, विधवा, सांधे जरा कुरकुरतात. ऑगस्टमध्ये फेरीबोटीवरच्या माणसांनी जिमच्या गाडीवर शिकवलं, नदीचा घाट ते देऊळ, देऊळ ते घाट. एकदा उकिरड्यात घातली होती, ते सोड. परवाना मिळाला आहे. फोटोत मी कोंबडीचोर दिसते. तुझं जूनमधलं पत्र आलं, त्यात ओळी एकमेकींवर चढल्या होत्या, त्याच दिवशी मी जिमच्या गाडीवरची ताडपत्री काढली. तुला सांगितलं असतं तर तू क्लचवर चार पानं लिहिली असतीस.

तर मी खिंड ओलांडते आहे, जन्मात पहिल्यांदा. लाझरसला सांगितलंय, हवं तितकं गा.

परतीच्या वाटेवर तू माझ्या शेजारी बसायचं. तडतड झाली की सांगायचं, कुठल्या बाजूला झाली ते. ओरडायचं नाही. मी सावकाश चालवते, इतकी सावकाश की मागच्याने दिलेल्या शिव्या मला शेवटपर्यंत ऐकू येतात. मी काय दिसतं ते सांगेन. तिथे पूर्वी काय होतं ते तू सांग. माझं नीट नसेल तर दुरुस्त कर, मला लालाचे प्रकार येत नाहीत, मला नुसता लाल येतो. आणि जे जळून गेलं असेल तेही मी सांगेन, इनू. लपवणार नाही. मग त्यावर तुला जितकं भांडायचं तितकं भांड, रस्ता लांब आहे.

शेगडीशी बसून दुसऱ्याच्या हातून चहा घेणार नाही म्हणालास. बरोबर आहे. माझ्याकडे चहा ज्याचा त्याने करायचा असतो. लाकडंही ज्याची त्याने फोडायची. जिमची करवत बिघडली आहे, गावात कुणाला तिचा आवाज कळत नाही.

उद्या संध्याकाळपर्यंत पोचते.

तुझी,
एफी

ता. क. — डोरीन, हा भाग तुझ्यासाठी आहे, पण मोठ्याने वाच. वाचून झालं की त्याच्यापुढे चहा ठेव आणि थोडा वेळ बाहेर जा.